अर्धा वाटा

"धंदा?" टाइप करणाऱ्या बाईनं मान वर न करता विचारलं, आणि नीराबाईच्या तोंडून निघून गेलं, "नाखवा." बाईची बोटं थांबली. वर बसलेल्या जज मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आजी, नाखवीण म्हणायचंय का?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. "न्हाय मॅडम. नाखव्याची बायको ती नाखवीण. बोट माझ्या नावावर हाय. मी नाखवा." खरं तर लेकाच्या, विनेशच्या वकिलानं सकाळी आपल्या ऑफिसात चहा पाजून तिच्याकडून 'मासेमारी नौका मालक' असं तीन वेळा म्हणवून घेतलं होतं. पिंजऱ्यात पाय ठेवल्याबरोबर ते तिन्ही शब्द कुठं गेले कुणास ठाऊक, आणि त्यांच्या जागी हा एकच आला. अकरा वर्षांत तिनं तो स्वतःसाठी वापरला नव्हता. दुसऱ्या कुणी तिच्यासाठी वापरलेलाही ऐकला नव्हता. बाईनं तो टाइप केला. नीराबाईनं दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

तिला इथं कशासाठी उभं केलंय ते तिला नीट समजावलेलं होतं. सून रचना दोन वर्षांपूर्वी सात वर्षांच्या लेकीला, प्राप्तीला घेऊन मुरुडचं घर सोडून अलिबागला भावाकडे आली होती. काशीदच्या घरच्या लॉजवर कल्पिता नावाची बाई हिशोब बघायची, आणि विनेशचा मुक्काम आठवड्यातून चार दिवस तिथंच असायचा. एवढं कारण पुरलं. रचनानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. कापडाच्या दुकानात ती उभी राहत होती, तिचं तिच्यापुरतं भागत होतं. लेकीसाठी महिना तीस हजार, एवढंच. त्यावर विनेशनं शपथेवर लिहून दिलं होतं की मी आईच्या बोटीवर खलाशी आहे, मला महिना बारा हजार पगार मिळतो. दोन्ही बोटी आईच्या, बर्फाचा धंदा आईचा, लॉज आईचं. आणि कागद काढून बघितले तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बोटींचं लायसन नीराबाईच्या नावावर, डिझेलची सवलत तिच्या खात्यात, लॉजची घरपट्टी तिच्या नावानं. फक्त त्या खात्याचं कार्ड विनेशच्या पाकिटात असायचं, सह्या केलेलं चेकबुक त्याच्या कपाटात, आणि मिश्रीची पुडी संपली की नीराबाई त्याच्या चहाची वेळ बघून म्हणायची, "इनेश, वीस रुपये हायेत का सुट्टे?" एवढंच कागदावर नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मघाशी पोर भेटली होती. शाळेच्याच कपड्यात होती, तिला सांभाळायला घरी कुणी नसेल. दोन वर्षांत पाय लांब झाले होते, पण गुडघे विठोबाचे, नवऱ्याचे, तसेच बाहेर आलेले. ती जवळ आली नाही, बाकाच्या टोकाला बसूनच म्हणाली, "आजी, बोटीवर माझं नाव अजून हाय का? पुसलं नाय ना?" "हाय गो बाय. गणपतीच्या आधी नवा रंग दिला." "कुठला?" "पिवला. भवती लाल." पोरीनं मान हलवली, जणू हे तिला पटलं, आणि बिस्किटाच्या पुड्यात हात घातला. ती जन्मली त्याच वर्षी विनेशनं नवी बोट घेतली होती आणि तिचं नाव 'प्राप्ती' ठेवलं होतं. पाण्यात ढकलताना नारळ नीराबाईनं फोडला होता, सहा महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन. नारळाचं पाणी पोरीच्या डोळ्यात उडालं आणि ती इतकी रडली की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

"तर 'प्राप्ती' तुमची?" रचनाची वकील उभी राहिली. अमिषा नाव तिचं, शिडशिडीत पोरगी, काळ्या कोटाच्या बाह्या तिला लांब होत होत्या. "माझी." "आणि 'प्राप्ती'ची प्राप्ती किती, महिन्याला?" विनेशचा वकील हसला, मॅडमही किंचित हसल्या. नीराबाईला तो विनोद उशिरा कळला, पण तोवर ती उत्तर द्यायला लागली होती. किती म्हणजे काय, कुठला महिना? दसऱ्यानंतर पापलेट असतं, थंडीत बांगडा, होळीपर्यंत कोलिंबी लागली तर लागली. एका फेरीला डिझेल किती, बर्फाच्या लाद्या किती, सहा माणसांना आठ दिवसांचं तांदूळ-मीठ किती, जाळं फाटलं तर विणायला कोण बसतं आणि दिवसाचं काय घेतं. खर्च वजा केला की उरल्याचे अर्धे बोटीला, अर्धे माणसांना; माणसांत तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, दोन वाटे, खलाश्याला एक. हल्ली पोरं वाटा घेत नाहीत, पगार मागतात, कारण मासळी राहिली नाही. बोलता बोलता तिचा आवाज मोठा झाला. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. टाइप करणारी बाई म्हणाली, "आजी, जरा सावकाश," आणि नीराबाई थांबली, जसा लिलाव करणारा थांबतो, समोरच्याला श्वास घेऊ देण्यापुरता.

विठोबा गेला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि विनेश शाळेत होता. बंदरावर उभ्या उभ्या छातीला हात लावून विठोबा खाली बसला तो उठलाच नाही. दिवस व्हायच्या आधी त्याचा धाकटा भाऊ बोट विकायचं बोलायला आला. तेराव्यानंतरच्या सकाळी नीराबाई विठोबाची कापडी पिशवी खांद्याला अडकवून बंदरावर गेली. त्या पिशवीत वही, पैसे आणि अडकित्ता. बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या, व्यापारी थांबले होते. बाई वाटे पाडणार म्हणून खलाशी एकमेकांकडे बघून हसत होते. तिनं पदर खोचला आणि मासळीत हात घातला. तराजू लागला नाही. डावीकडचा वाटा आणि उजवीकडचा वाटा, मासा मोजून बघा कुणीही. एका म्हाताऱ्या खलाश्यानं खरंच मोजले, आणि मग तोच म्हणाला, "नाखवा, आमचं काय म्हननं न्हाय." त्या दिवसापासून चौदा वर्षं. पहाटेचा वारा अंगावर घेत, ओल्या वाळूत घोट्यापर्यंत पाय रुतवून, चौदा वर्षं तिच्या एका बोटाच्या इशाऱ्यानं सहा घरांच्या चुली पेटत होत्या. आता अलिबागच्या या खोलीत पंखा कुरकुरत होता, बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता, आणि तिच्या नाकात तो वास आला, डिझेलचा आणि ताज्या खवल्यांचा. तिला वाटलं, अजून विचारा. आणखी काहीतरी विचारा.

ते नाखवापण कसं गेलं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विनेशचं लग्न झालं त्या वर्षी. भांडण झालं नाही, शब्दाला शब्द लागला नाही. एक दिवस व्यापाऱ्यानं भाव तिला सांगायच्या ऐवजी विनेशला सांगितला. मग तांडेलाचा फोन विनेशला यायला लागला. मग एका सकाळी ती पिशवी घ्यायला गेली तर खुंटीवर पिशवी नव्हती. विनेश दारात बूट घालत होता. पिशवी त्याच्या खांद्याला. "आये, बस कर आता. आराम कर," तो म्हणाला, आणि तिच्या गालाला हात लावला. तो हात लावणं तिला कधी माफ करता आलं नाही. नंतर तिला अंगणात सुकायला घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलायचं काम उरलं, आणि सोबतीला नवी सून. रचना चांगली ऐकणारी होती. बोंबील बांबूच्या वलांडीवर टाकता टाकता नीराबाई तिला चौदा वर्षांतलं सगळं सांगायची. कुठल्या वादळात कोण परत आला, कुणाला तिनं बोटीवरून उतरवलं, कुणाची बायको रडत आली आणि तिचा निवाडा तिनं कसा केला. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी रचना विचारायची, "मग आई, तुम्ही काय म्हणालात?"

"काशीदला तुमच्या लॉजला खोल्या किती?" अमिषानं विचारलं. नीराबाईनं बघितलं की विनेशचा वकील खुर्चीत पुढं सरकला. हे तिला पढवायचं तो विसरला होता. लॉजवर ती एकदाच गेली होती, वास्तुशांतीला. मुलाच्या गाडीतून नेली आणि जेवण झाल्यावर परत आणून सोडली. पण दारं तिनं मोजली होती. ती काहीही मोजते, सवयच. "आठ. चार खाली, चार वर. वरच्या दोनांना समुद्र दिसतो, त्यांचं भाडं जास्त." "किती जास्त?" "माणूस बघून," नीराबाई म्हणाली, आणि कोर्ट हसलं. विनेश मागं भिंतीला टेकून उभा होता, पांढऱ्या शर्टात, खलाशी दिसावा म्हणून हातातलं कडं आणि गळ्यातली चेन घरी ठेवून आलेला. त्याच्या चेहऱ्यावर तिनं कितीतरी वर्षांनी स्वतःबद्दलचं काहीतरी बघितलं. कौतुक नव्हतं. भीती असेल. तिला ते आवडलं.

अमिषानं हातातला कागद टेबलावर ठेवला. "सदू नावाचा खलाशी होता तुमच्या बोटीवर?" नीराबाईनं रचनाकडे बघितलं. रचना पहिल्या बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, डोळे नीराबाईवर. "व्हता." "त्याच्या बायकोचं नाव केसर." "व्हय." "सदूनं केसरला आणि मुलाला टाकलं, दुसरीकडे राहायला लागला. तेव्हा तुम्ही काय केलंत?" हे तर विचारायलाच नको होतं. ते बंदरातल्या दगडांनाही ठाऊक होतं. केसर पोराला घेऊन वाटे पडत असताना येऊन उभी राहिली होती, हातात रिकामी टोपली. नीराबाईनं सदूचा वाटा पाडला, आणि सगळ्यांसमोर हातानं मधोमध दोन केला. "अर्धा हिच्या टोपलीत," ती म्हणाली, "आनि ज्या दिवशी हिची टोपली भरनार न्हाय त्या दिवशी तू माझ्या बोटीवर पाय ठेवायचा न्हाय." वकील नाही, तारीख नाही, एवढ्यात झालं. सदू मान खाली घालून उभा राहिला, आणि चार वर्षं केसरची टोपली भरत गेली. हे सगळं नीराबाईनं कोर्टाला सांगितलं, सदूच्या खाली घातलेल्या मानेसकट. मॅडम ऐकत होत्या. अमिषानंही मध्ये तोडलं नाही. तिनं शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग, लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "आजी, आज तुमच्या बोटीवर विनेश नावाचा खलाशी आहे. त्यानं बायकोला आणि मुलीला टाकलंय. तुम्ही नाखवा आहात. काय करणार?"

रचनानं मान हलवली. अगदी थोडी. अंगणात हलवायची तशीच. मग आई, तुम्ही काय म्हणालात? तेव्हा नीराबाईला कळलं की हा प्रश्न वकिलाचा नाही, रचनाचा आहे. ती सगळी दुपार-दुपार ऐकलेली गोष्ट सुनेनं जपून ठेवली होती आणि आता तिच्यासमोर उलगडून धरली होती. पोर बाहेर बाकावर होती. म्हणायचं एवढंच होतं, हा खलाशी न्हाय मॅडम, सगळं ह्याचंच हाय, मी नुसती सही करते. एका दमात म्हणून झालं असतं. पण ते म्हटलं की त्याच्या मागून बाकीचं येणार. खुंटीवर पिशवी नव्हती ते. वीस रुपये सुट्टे ते. गालाला लावलेला हात. ही सगळी माणसं जी आता तिच्याकडे बघत होती, ती टाइप करणारी बाई, मॅडम, मागच्या बाकावरचे आपापल्या तारखेला आलेले लोक, यांच्यासमोर ती परत कावळे हाकलणारी म्हातारी होणार, आणि मघाचं हसू परत येणार, वेगळं हसू. कठड्यावर तिनं हात पालथे ठेवले होते. तिला आठवलं की वाटा पाडताना माणसाकडे बघायचं नसतं, मासळीकडे बघायचं. तिनं रचनाकडे बघायचं सोडलं. "बोटीवर सगल्यांना एकच न्याव," ती म्हणाली, स्वच्छ, मोठ्यानं. "सदूला जो, तोच माझ्या लेकाला. त्याच्या वाट्यातला अर्धा पोरीला." "म्हणजे बारा हजारातले सहा?" मॅडमनी विचारलं. "व्हय मॅडम. बारातले सहा. मी नाखवा हाय, दुजाभाव करनार न्हाय." तिला खरंच वाटलं की तिनं न्याय केला. निदान त्या घटकेला वाटलं. पंखा कुरकुरत होता, टाइप करणारी बाई टाइप करत होती, आणि रचनाच्या तोंडून एक आवाज आला, हसल्यासारखा, आणि अमिषानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर रचना तिला आडवी आली. रडत नव्हती. "आई, सहा हजारांत शाळेची फी होईल नाय तर शाळेची गाडी. दोन्ही नाय व्हायची. तुम्हीच सांगा, कुठलं ठेवू?" "तुझा भाव न्हाय का देत काही?" नीराबाई म्हणाली. रचनानं पर्स खांद्याला अडकवली. "भाऊ देतो, आई. जेवायला देतो. पण पोर त्याची नाय." मग ती लेकीचा हात धरून जिन्यानं खाली गेली. पोरीनं वळून हात हलवला, बिस्किटाच्या पुड्यासकट. गाडीनं रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर विनेश मांडीवर थाप मारून हसत सुटला. "आये, काय बोललीस! वकील म्हनतो, अशी साक्ष त्यानं बघितली न्हाय. सदू काय, केसर काय! मी तर इसरलोच व्हतो." "मी न्हाय इसरली," नीराबाई म्हणाली. काशीदला तो उतरला आणि ड्रायव्हरला सांगितलं, आईला मुरुडला सोडून ये.

निकाल यायला तीन आठवडे लागले. सहा हजार. त्यात मॅडमनी लिहिलं होतं म्हणे, की व्यवसायाच्या मालकाची साक्ष तपशीलवार आणि विश्वासार्ह वाटते. विनेशनं फोनवर ते वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी नीराबाई लवकर उठली, पदर खोचला आणि अकरा वर्षांनी वाटे पडायच्या वेळेला बंदरावर गेली. रात्रभर तिनं मनात हिशोब मांडला होता. खलाश्याच्या वाट्यातलं अर्धं दिलं, ते झालं. पण बोटीचा वाटा तर नाखव्याचा. कोर्टात सांगितलं ना, बोट माझी? मग बोटीच्या वाट्यातून पोरीला काय द्यायचं ते मी ठरवीन, त्याला कुठला कायदा आड येतो? यात तिला कुठंच चूक दिसत नव्हती. 'प्राप्ती' नुकतीच लागली होती, पिवळा रंग उन्हात चमकत होता. दयाराम तांडेल क्रेट उतरवत होता, विनेश गाडीला टेकून फोनवर बोलत होता. नीराबाई क्रेटांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, "दयाराम, आजपासून एक वाटा बाजूला काढायचा. प्राप्तीचा." दयारामनं वर बघितलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "काढतो की, नाखवीणबाय. कवा आली पोर? काय देऊ, बांगडं की मांदेली?" तिनं काही म्हणायच्या आधी त्यानं तिच्या डोक्यावरून विनेशकडे बघितलं. विनेशनं फोनवरचा हात न काढता मान हलवली. "दे रे आयेला चांगला वाटा. मोठं मोठं घाल." खलाशी हसले, वाईट हसले नाहीत, घरच्या म्हातारीला हसतात तसे. दयारामनं उकिडवं बसून बांगडे निवडले, एक एक उलटून, डोळे बघून, दहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, वर दोन मुठी बर्फ टाकला आणि तिच्या हातात दिले. "जड न्हाय ना?" "न्हाय," नीराबाई म्हणाली.

स्टँडवर अलिबागची एसटी उभी होती, कंडक्टर चहा पीत होता. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. पावणेदोन तासांचा रस्ता, बर्फ रेवदंड्यापर्यंत वितळणार, बांगडा मऊ पडणार. रचना दुकानात असेल, पोर शाळेत. भावजय दार उघडणार आणि विचारणार, काय काम काढलंत? शिवाय तिकिटाला पैसे हवेत. पैसे मागायला परत बंदरावर जावं लागणार. कंडक्टरनं घंटी दिली. एसटी वळून गेली. दुपारी विनेश काशीदला जायच्या आधी घरी जेवायला आला. नीराबाईनं बांगड्यांना कोकमाचं आगळ लावलं, मीठ-मसाला चोळला, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. तो पाटावर बसून एकामागून एक खात होता, काटे ताटाच्या कडेला लावत, लहानपणापासून लावायचा तसे. "वास काय सुटलाय, आये," तो म्हणाला. तिनं तव्यावरचा शेवटचा बांगडा उलटला, दोन्ही बाजूंनी लाल झालाय ते बघितलं आणि त्याच्या ताटात वाढला. "पोट भरलंय," तो म्हणाला. "खा रे," नीराबाई म्हणाली. "कुनासाठी ठेवू?"